गुडघ्याचा एमआरआय: विमा दाखवायचा की रोख भरायचे?

नमस्कार. तुमची परिस्थिती आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

पत्नीचा उजवा गुडघा दोन महिने दुखतोय. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टशिवायचा (चित्र ठळक करणारं औषध न टोचता करायचा) एमआरआय लिहून दिलाय. हॉस्पिटलने विम्यातून केल्यास १,८५० डॉलर सांगितले आणि रोखीने केल्यास ६९०. तुमचं डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी वर्षभरात तुम्ही स्वतः भरायची रक्कम, ३,००० डॉलर आहे, त्यातले यंदा ४०० भरून झालेत, आणि डिडक्टिबल संपल्यावर २० टक्के को-इन्शुरन्स, म्हणजे बिलातला तुमचा वाटा, आहे. सप्टेंबर संपत आलाय. तुम्ही विचारताय की दर महिन्याला पगारातून प्रीमियम कापला जातो, तरी विमा दाखवला की जवळजवळ तिप्पट बिल कसं, आणि सरळ ६९० भरून मोकळं व्हावं का.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात होते, आता रुग्णांच्या बाजूने बिलं तपासून देते. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा दोनच आकडे घेऊन येतो. या दोन आकड्यांवर निर्णय होत नाही. डिसेंबर संपेपर्यंत या गुडघ्यावर आणखी किती खर्च होणार, यावर तो होतो. त्याचं गणित पुढे करते. आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण त्यातला राग रास्त आहे.

प्रत्येक हॉस्पिटलकडे सगळ्या सेवांची एक दरयादी असते, तिला चार्जमास्टर म्हणतात. तो फुगवलेला दर जवळजवळ कोणीच भरत नाही. विमा कंपनी हॉस्पिटलशी करार करते तेव्हा एकट्या एमआरआयवर घासाघीस होत नाही. शस्त्रक्रिया, प्रसूती, इमर्जन्सी, आयसीयू असा हजारो सेवांचा गठ्ठा एकदम ठरतो. मोठ्या बाबींत हॉस्पिटलने थोडं सोडलं की स्कॅनमध्ये ते भरून काढतं. काही करारांत तर दर म्हणजे चार्जमास्टरचे अमुक टक्के एवढंच लिहिलेलं असतं, मग यादीतला दर वाढला की तुमचा दरही आपोआप वाढतो. एकाच विमा कंपनीच्या दोन प्लॅनना एकाच मशीनवरच्या एकाच स्कॅनसाठी वेगळे दर लागलेले मी पाहिले आहेत. आणि एकदा क्लेम त्या करारातून गेला की करारातला दर हाच दर. खिडकीवरचा माणूस मनात असूनही तो कमी करू शकत नाही.

रोखीचा दर मात्र हॉस्पिटल स्वतः ठरवतं. समोरच्या रस्त्यावर स्वतंत्र इमेजिंग सेंटर असेल तर त्याच्याकडे बघून ठरवतं. शिवाय रोख भरणाऱ्यामागे प्रायर ऑथरायझेशनची, म्हणजे विमा कंपनीकडून आधी परवानगी काढण्याची, फोनाफोनी नसते, क्लेम नाकारला म्हणून अपील नसतं, आणि पैसे आधी हातात येतात. हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. तुमचं डिडक्टिबल संपलेलं नाही, म्हणजे ते १,८५० विमा कंपनी देणार नाही, तुम्हीच देणार. असं रुग्णाकडून नंतर वसूल करायचं बिल बऱ्याचदा बुडतं, हे प्रत्येक बिलिंग विभागाला ठाऊक असतं. आज मिळणारे ६९० त्यांना म्हणूनच परवडतात.

पण रोख नेहमीच स्वस्त असते असा नियम यातून काढू नका. कित्येक हॉस्पिटलांत रोखीचा दर म्हणजे चार्जमास्टरमधून थोडी सूट, एवढंच असतं, आणि तो विम्याच्या दरापेक्षा जास्त निघतो. दर वेळी विचारावंच लागतं.

आता तुमच्या प्रश्नात जे नाही त्याकडे येते. तुम्ही हॉस्पिटलमधला विम्याचा दर आणि हॉस्पिटलमधला रोखीचा दर यांची तुलना केलीत. हॉस्पिटलबाहेरचं, तुमच्या विम्याच्या नेटवर्कमधलं (विमा कंपनीशी करार असलेलं) इमेजिंग सेंटर विचारलंच नाहीत. हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात केलेल्या स्कॅनला हॉस्पिटलच्या सगळ्या डोलाऱ्याचा खर्च चिकटतो. स्वतंत्र सेंटरला तो नसतो, त्यामुळे तिथला विम्याचा दरही बहुतेक वेळा बराच खाली असतो. समजा तुमच्या जवळच्या सेंटरचा विम्यातला दर ५२० आहे आणि रोखीचा ४५०. हे दोन आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, खरे तुम्हाला दोन फोनमध्ये कळतील.

म्हणजे पर्याय चार झाले. एमआरआयमध्ये काही मोठं निघालं नाही आणि औषध, व्यायामावर भागलं तर हिशेब सोपा: हॉस्पिटल विम्यातून १,८५०, हॉस्पिटल रोख ६९०, सेंटर विम्यातून ५२०, सेंटर रोख ४५०.

पण समजा मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटलेला निघाला आणि याच वर्षात दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. तिचा विम्यातला एकूण दर ९,००० धरू. विम्यातून केलेला स्कॅन डिडक्टिबलमध्ये मोजला जातो, रोखीचा सहसा मोजला जात नाही. सगळा फरक इथे पडतो.

हॉस्पिटलमध्ये विम्यातून १,८५० भरलेत तर डिडक्टिबलचे ७५० उरतात. शस्त्रक्रियेत ते ७५० आणि राहिलेल्या ८,२५० चे २० टक्के, म्हणजे १,६५०. स्कॅन धरून एकूण ४,२५०. हॉस्पिटलमध्ये रोख ६९० भरलेत तर डिडक्टिबलचे २,६०० तसेच उभे राहतात. ते २,६००, उरलेल्या ६,४०० चे २० टक्के म्हणजे १,२८०, आणि वर स्कॅनचे ६९०. एकूण ४,५७०. म्हणजे ज्या ६९० ने तुमचे ११६० डॉलर वाचणार होते, त्यानेच शस्त्रक्रिया झाल्यावर ३२० जास्त गेले. सेंटरमध्ये रोख ४५० दिलेत तर एकूण ४,३३०. आणि सेंटरमध्ये विम्यातून ५२० दिलेत तर ३,९८४, चौघांत सर्वांत कमी.

या शेवटच्या पर्यायाकडे नीट बघा. शस्त्रक्रिया झाली नाही तर तो सर्वांत स्वस्त पर्यायापेक्षा ७० डॉलरनी महाग आहे. झाली तर ३४६ डॉलरनी स्वस्त. तुमच्या जागी मी आधी हाच शोधला असता.

हे गणित कशाकशाने बदलेल? सर्वांत आधी तारीख. तुमचा प्लॅन १ जानेवारीला नव्याने सुरू होत असेल तर डिडक्टिबलमध्ये भरून झालेली रक्कम त्या दिवशी पुन्हा शून्यावर येते. सप्टेंबरअखेर स्कॅन झाला, डॉक्टरांनी आधी दीड-दोन महिने फिजिओथेरपी सांगितली आणि शस्त्रक्रिया जानेवारीत गेली, तर यंदा डिडक्टिबलमध्ये टाकलेले पैसे त्या शस्त्रक्रियेच्या उपयोगाचे नाहीत. तेव्हा रोखीचा सर्वांत कमी दर घ्यावा. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "यात काही निघालं तर पुढचं पाऊल काय, आणि ते डिसेंबरच्या आधी की नंतर?" डॉक्टर असं विचारल्याने रागावत नाहीत. नक्की सांगता येणार नाही, पण अंदाज देतील, आणि तेवढा अंदाज पुरतो.

दुसरं, घरातल्या इतरांचा खर्च. काही फॅमिली प्लॅनमध्ये सगळ्यांचं मिळून एकच डिडक्टिबल असतं, काहींत माणसागणिक वेगळी मर्यादाही असते. तुमच्या मुलाचं काही मोठं बिल यंदा झालं असेल तर तुम्ही डिडक्टिबल ओलांडण्याच्या जवळ असाल. आणि वेबसाइटवर दिसणारा ४०० चा आकडा मागे असू शकतो. गेल्या महिन्यातल्या डॉक्टरभेटीचा क्लेम अजून चालू असेल तर तो त्यात धरलेला नसतो. फोन करून विचारा.

तिसरं, प्लॅनमध्ये एमआरआयसाठी ठरावीक को-पे (दर वेळी भरायची नेमून दिलेली रक्कम) असेल आणि डिडक्टिबल लागत नसेल तर हा सगळा काथ्याकूट नकोच, विमा दाखवा. तसंच वर्षाची आउट-ऑफ-पॉकेट मर्यादा (वर्षभरात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त जाणारी रक्कम) गाठली असेल तर नेटवर्कमध्ये तुम्हाला काहीच भरायचं नाही. अशा वेळी रोख भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

आता दर कसे काढायचे. "गुडघ्याच्या एमआरआयचे किती?" असं विचारलंत तर मिळालेलं उत्तर तुलनेच्या कामाचं नसतं. डॉक्टरांच्या ऑर्डरवरचा सीपीटी कोड, म्हणजे त्या तपासणीचा ठरलेला बिलिंग क्रमांक, घ्या. कॉन्ट्रास्टशिवाय गुडघ्याच्या एमआरआयचा कोड ७३७२१ आहे. कॉन्ट्रास्टसह ७३७२२, आधी बिनकॉन्ट्रास्ट आणि मग कॉन्ट्रास्टसह असेल तर ७३७२३. कोड वेगळा की दर वेगळा. मग विचारा की या आकड्यात स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टची फी धरली आहे का. बिलात दोन भाग असतात: मशीन, जागा, तंत्रज्ञ यांचा टेक्निकल भाग आणि वाचून अहवाल देणाऱ्याचा प्रोफेशनल भाग. स्वतंत्र सेंटर बहुतेक वेळा दोन्ही मिळून एकच दर सांगतं, त्याला ग्लोबल म्हणतात. हॉस्पिटलने सांगितलेल्या ६९० मध्ये मात्र वाचण्याची फी नसण्याची दाट शक्यता आहे, कारण रेडिओलॉजिस्टांचा गट बऱ्याचदा हॉस्पिटलपासून वेगळा असतो आणि आपलं बिल वेगळं पाठवतो. तुम्हाला मिळालेल्या दोन्ही आकड्यांबद्दल हे आधी विचारून घ्या.

फोन नको असेल तर १ जानेवारी २०२१ पासून हॉस्पिटलांना आपले दर वेबसाइटवर जाहीर करणं बंधनकारक आहे, त्यात रोखीचा सवलतीचा दर आणि प्रत्येक विमा प्लॅनशी ठरलेला दर दोन्ही येतात. आधी ठरवून घेता येतात अशा ३०० सेवांचे दर सर्वसामान्यांना समजतील असे द्यायचे असतात, आणि त्यातल्या ज्या ७० सेवा केंद्र सरकारने नेमून दिल्या आहेत त्यांत ७३७२१ आहे. म्हणजे तुमचा दर तिथे सापडायलाच हवा. हॉस्पिटलने पानं भरून दिलेली ती प्रचंड फाइल उघडण्याच्या फंदात पडू नका, एस्टिमेटरचं (खर्चाचा अंदाज काढून देणारं) पान शोधा. विमा कंपनीच्या वेबसाइटवरही २०२४ पासून सगळ्या सेवांसाठी दर काढण्याची सोय असायला हवी, आणि वेगवेगळ्या सेंटरांची तुलना तिथे जास्त सोपी जाते. तिथला आकडा आणि फोनवरचा आकडा जुळला तर विश्वास ठेवा, नाहीतर फोनवर बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.

रोख भरायचं ठरलं तर काही गोष्टी आधीच करा, कारण नंतर त्या निस्तरताना माणूस मेटाकुटीला येतो.

विमा असूनही न वापरणाऱ्याला कायद्याने सेल्फ-पे, म्हणजे स्वतः पैसे भरणारा रुग्ण, धरतात. अनपेक्षित बिलांविरुद्धच्या नो सरप्रायझेस ॲक्टखाली २०२२ पासून अशा रुग्णाला लेखी गुड फेथ एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा आधी दिलेला अंदाज, मिळण्याचा हक्क आहे. तुम्ही मागितलंत तर कामकाजाच्या तीन दिवसांत द्यावं लागतं. त्या हॉस्पिटलचं किंवा सेंटरचं बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं तर बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांत केंद्र सरकारकडे तक्रार नेता येते. हे संरक्षण सेल्फ-पे रुग्णालाच आहे. विम्यातून जाणाऱ्याला हॉस्पिटल जो अंदाज सांगतं त्याला असा आधार नाही.

दुसरं, खिडकीवर विम्याचं कार्ड देऊ नका. हॉस्पिटलच्या संगणकात ते आधीपासून असेल तर नोंदणी करतानाच सांगा की ही भेट सेल्फ-पे आहे, विम्याला क्लेम पाठवायचा नाही, आणि तसं फॉर्मवर लिहून घ्या. पूर्ण रक्कम स्वतः भरली असेल तर त्या सेवेची माहिती विमा कंपनीला देऊ नका असं तुम्ही सांगू शकता आणि त्यांना ते मानावं लागतं. एचआयपीएए (रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेच्या) नियमांत २०१३ पासून ही तरतूद आहे. हे केलं नाही तर होतं काय, की हॉस्पिटल रोख घेतं, पण रेडिओलॉजिस्टच्या गटाकडे तुमचं कार्ड गेलेलं असतं आणि ते विम्याला बिल पाठवतात. मग अर्धा स्कॅन रोखीत, अर्धा विम्यात, आणि प्रायर ऑथरायझेशन नाही म्हणून तो क्लेम नाकारला जातो. असली प्रकरणं सोडवायला महिने जातात.

एचएसए (औषधोपचारासाठीचं करसवलतीचं बचत खातं) असेल तर रोखीचं बिलही त्यातून भरता येतं, विम्यातून गेलेलंच असावं अशी अट नाही. कर वाचतो तो वेगळा. आणि विमा कंपनीला एकदा विचारा की रोख भरलेली पावती डिडक्टिबलमध्ये धरतात का. काही प्लॅन धरतात. काही राज्यांत तसे कायदेही झालेत, पण नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या पैशातून चालवते त्या प्लॅनना राज्याचे असे कायदे सहसा लागू होत नाहीत, आणि मोठ्या आयटी कंपन्यांचे बरेचसे प्लॅन याच प्रकारचे असतात.

विम्यातून जायचं ठरलं तर प्रायर ऑथरायझेशन मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नका. गुडघ्याच्या एमआरआयला परवानगी देण्याआधी काही आठवड्यांची फिजिओथेरपी झाली का, हे बऱ्याच कंपन्या विचारतात. पत्नीचे व्यायाम झाले असतील तर डॉक्टरांच्या नोंदीत ते लिहिलेलं आहे ना, बघा. परवानगी सेंटरच्या नावाने असते, सेंटर बदललंत तर तीही बदलून घ्या. आणि ईओबी, म्हणजे क्लेमचा हिशेब सांगणारं विमा कंपनीचं पत्रक, हातात आल्याशिवाय बिल भरू नका. ईओबीवरची तुमच्या वाट्याची रक्कम आणि बिलावरची रक्कम जुळायला हवी.

तुम्हाला दिलेलं हे उत्तर वाचून आणखी कोणी रोखीचा विचार करेल म्हणून हेही लिहिते. इमर्जन्सीत रोख-विमा तुलना करत बसू नका, कार्ड द्या. चाळिशीनंतरची तपासणी म्हणून केलेली मॅमोग्राफी बहुतेक प्लॅनमध्ये नेटवर्कमध्ये पूर्ण मोफत असते, तिला एक डॉलरही रोख देऊ नका. कॅन्सरची चिकित्सा चालू असेल किंवा प्रसूती याच वर्षात असेल तर डिडक्टिबल संपणारच आहे, प्रत्येक बिल विम्यातूनच जाऊ द्या.

आईवडील इथे भेटीला आले असताना स्कॅनची वेळ आली तर गोष्ट निराळी. त्यांची व्हिजिटर पॉलिसी जुन्या आजाराला सहसा मदत करत नाही आणि बऱ्याचदा आधी आपणच भरून नंतर मागावं लागतं. त्यांच्यासाठी पहिल्यापासून सेल्फ-पे दर आणि लेखी अंदाज मागा, आणि शक्यतो स्वतंत्र सेंटरमध्येच न्या. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी विनानफा हॉस्पिटलमध्ये आर्थिक साहाय्याचा अर्ज जरूर मागावा. तसं धोरण ठेवणं अशा हॉस्पिटलांना बंधनकारक आहे, आणि पहिल्या बिलानंतर २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो.

सेंटर स्वस्त म्हणजे स्कॅन कमी दर्जाचा का, असं तुमच्या पत्नीला वाटतंय. मशीन किती टेस्लाचं आहे, म्हणजे त्याचं चुंबक किती ताकदीचं आहे, ते विचारा. गुडघ्यासाठी १.५ टेस्लाचं चांगलं मशीन पुरतं, ३ असेल तर उत्तम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या सेंटरची चित्रं तुमचे डॉक्टर स्वतः बघतात का आणि त्यांच्यावर भरवसा ठेवतात का, हे त्यांच्याच ऑफिसला विचारा. ऑर्थोपेडिक डॉक्टर कोणत्या सेंटरचे स्कॅन नीट असतात हे पक्कं ओळखून असतात. त्यांनी नको म्हटलेल्या सेंटरमध्ये शंभर डॉलर वाचवायला जाऊ नका, स्कॅन परत करावा लागला तर दुप्पट जातील.

शेवटी तुम्ही विचारलंत की डिसेंबरात पुण्याला जाणारच आहोत, तर तिथे करावा का. तिथे हा स्कॅन काही हजार रुपयांत होतो, अहवाल इंग्रजीतच मिळतो, आणि एचएसएचे पैसे परदेशातल्या तपासणीलाही चालतात. दुखणं स्थिर असेल आणि डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणाले तर खुशाल करा. फक्त कागदी अहवाल आणि फिल्म घेऊन परतू नका, मूळ डायकॉम (स्कॅनच्या डिजिटल फाइल स्वरूपातली) चित्रं सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या, इथल्या डॉक्टरांना तीच लागतात. पण गुडघा मध्येच अडकत असेल, पाय पूर्ण सरळ होत नसेल किंवा चालताना एकदम सटकत असेल, तर डिसेंबरपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा आणि स्कॅन इथेच उरकून घ्या.